कुर्ल्यांची शिकार आणि अकराव्या दिवशीचा ताप

जूनचा तिसरा आठवडा उजाडला की लालबागच्या माझ्या दवाखान्यात तापाचे रुग्ण वाढायला लागतात. त्यात विशेष काही नाही, पावसाळ्यात मुंबईत ताप येतोच. मी प्रत्येकाला एक प्रश्न ठरवून विचारतो: "गेल्या महिनाभरात गावी गेला होतात का?" बहुतेक जण "नाही" म्हणतात आणि ते खोटं बोलत नसतात. आपल्याकडे गावी जाणं म्हणजे मे महिन्यात बायकामुलांसह, नाहीतर गणपतीला, नाहीतर शिमग्याला. शुक्रवारी रात्री दादरहून गाडी पकडून चार मित्रांबरोबर जायचं आणि सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं, याला कोणी 'गावी जाणं' म्हणत नाही. म्हणून आता मी सरळ विचारतो, "कुर्ल्या पकडायला गेला होतात?" मग समोरचा माणूस तापातही हसतो, बायकोकडे बघतो आणि म्हणतो, "तुमका कसा कळला?"

ज्यांचं कोकणाशी नातं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिला दणदणीत पाऊस पडला की व्हाळांना पाणी येतं, बिळांत बसलेले गोड्या पाण्यातले खेकडे, म्हणजे आमच्या कुर्ल्या, बाहेर पडतात आणि मासे प्रवाहाच्या उलट दिशेने शेतांकडे चढू लागतात. या माशांना कुठे चढणीचे मासे म्हणतात, कुठे वलगणीचे. हा सोहळा जेमतेम आठ-दहा रात्रींचा. त्या रात्री गावातले पुरुष टोळीने व्हाळात उतरतात. पूर्वी हातात झापांची चूड असे, मग गॅसबत्ती आली, आता डोक्याला बांधायची बॅटरी असते. उजेड डोळ्यांवर पडला की कुर्ली क्षणभर थबकते, तेवढ्यात पाठीवरून धरायची. चुकलात तर नांगी बोटात. गिरणगावातल्या कोकणी माणसांनी आपल्या गावच्या या रात्री कधी सोडल्या नाहीत. गिरण्या चालू होत्या तेव्हा खाडा करून जात, १९८२ च्या संपानंतर नोकरी शोधता शोधता जात राहिले, आणि आता त्यांची मुलं त्याच गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींतून रजा टाकून जातात. मीही गेलो आहे, अनेकदा. त्यामुळे हा लेख 'जाऊ नका' असं सांगणारा नाही.

माझ्या आजोबांच्या पिढीत शिकार म्हणजे कुर्ल्या नव्हेत. शिमग्याच्या सुमारास पारध निघायची. ठासणीच्या बंदुका घेतलेले तिघे-चौघे रानातल्या वाटा अडवून बसत आणि बाकीचा गाव डबे वाजवत, आरोळ्या देत हाकारा करी. डुक्कर मिळे, भेकर मिळे, एखाद्या वर्षी सांबरही. मग वाटे पडत. बंदूकवाल्याचा मान वेगळा, पण वाटा हाकाऱ्यालाही मिळे आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्यालाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सगळं गुन्हा ठरवलं, आणि माझ्या मते बरंच केलं. चोरून पारधी होतात हे मला ठाऊक आहे. डुक्कर समजून आपल्याच सोबत्याला गोळी घातल्याच्या बातम्या कोकणातून अजूनही येतात. मात्र आमच्या घरातला माणूस पारधीत गेला तो गोळीने नाही.

माझे सगळ्यात धाकटे काका, वय वर्षं बारा, हाकाऱ्यात धावत होते. पाचोळ्यात पाय पडला आणि घोट्याला काहीतरी टोचलं. "काय नाय रे, काटो टोचलो आसतलो," असं बरोबरचा मोठा मुलगा म्हणाला आणि दोघे पुढे धावले. पाय सुजला तो संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं आणि ते थांबेना. मांत्रिक झाला, पाला बांधून झाला. तिसऱ्या दिवशी लघवीतून रक्त आलं, रात्री उलट्या सुरू झाल्या, आणि चौथ्या दिवशी काका गेले. ही गोष्ट आजीने मला इतक्या वेळा सांगितली होती की वैद्यकीय महाविद्यालयात फुरशाच्या विषाचा धडा आला तेव्हा मला तो ओळखीचा वाटला.

फुरसं म्हणजे जेमतेम हात-दीड हात लांबीचा साप. कोकणात, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कातळांवर तो भरपूर. त्याला डिवचलं की तो अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज काढतो. दंश अनेकदा इतका किरकोळ वाटतो की माणूस काट्यावर भागवतो. खरं काम विष आत करतं: रक्त गोठवणारे घटक हळूहळू संपवून टाकतं. रक्त गोठेनासं झालं की आधी हिरड्या, मग लघवी, मग पोट, कधी मेंदू. याला काही तास लागतात, कधी दोन-तीन दिवस. म्हणजे उपचाराला वेळ असतो. काकांच्या बाबतीतही होता.

याचं औषध, सर्पविषावरची लस, घोड्यांना विषाच्या बारीक मात्रा टोचून त्यांच्या रक्तातून मिळणाऱ्या प्रतिविषापासून बनवतात. आणि ती त्या काळातही परळच्या हाफकिन संस्थेत तयार होत होती. ही संस्था १८९९ मध्ये प्लेगची प्रयोगशाळा म्हणून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. प्लेगची लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांचं नाव तिला १९२५ मध्ये मिळालं. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत होते. मुलगा गेल्यानंतरची वीसेक वर्षं पाळीला जाता-येता ते त्याच कुंपणावरून चालत गेले. आत साप ठेवलेले आहेत एवढं त्यांना माहीत होतं. ते साप कशासाठी ठेवतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि मला ते सांगायची वेळ आली तेव्हा ते हयात नव्हते.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक ग्रामीण भागातली, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. म्हणजे नेमका आमचा कुर्ल्यांचा मोसम.

इंटर्न असताना कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी एक तपासणी शिकलो. तिला ना वीज लागते ना यंत्र. दंश झालेल्या माणसाचं दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, नळी न हलवता वीस मिनिटं ठेवायची आणि मग तिरकी करायची. रक्त गोठलेलं असेल तर त्या क्षणी ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात भिनलं आहे, लस लगेच सुरू करायची. नळी काचेचीच हवी, कारण प्लॅस्टिकमध्ये निरोगी माणसाचं रक्तही नीट गोठत नाही आणि तपासणी फसते. पहिली नळी गोठली म्हणून घरी सोडत नाहीत, ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा बघतात. लसीच्या सुरुवातीला साधारण आठ ते दहा कुप्या लागतात, आणि लहान मुलालाही तेवढ्याच. नातेवाईक दर वेळी विचारतात, एवढ्याशा पोराला एवढं औषध? पोर लहान असलं तरी सापाने विष कमी टोचलेलं नसतं. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते.

व्हाळात दंश झाला तर काय करायचं ते थोडक्यात. सापाचा पाठलाग करू नका, मारून आणू नका. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. दोरी आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. पाय असेल तर काठी लावून पट्टीने हलू नये असा धरा, हात असेल तर अंगठी आणि कडं लगेच काढा, कारण सूज आली की ती निघत नाहीत. माणसाला चालवू नका, उचलून गाडीपर्यंत न्या. वेळ लक्षात ठेवा. मण्यारीचा दंश तर जवळजवळ दुखतही नाही. पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, बोलताना जीभ अडखळली, गिळता येईनासं झालं, तर श्वास बंद पडायच्या आत कृत्रिम श्वासाची सोय असलेलं रुग्णालय गाठावं लागतं. व्हाळाकाठच्या झुडपांत हिरवा चापडाही असतो. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, चापड्यावर नाही. त्याचा दंश फार दुखतो, सूज खूप येते, पण जीव क्वचितच जातो. तरीही 'हा चापडाच होता' हे बॅटरीच्या उजेडात ठरवून घरी बसू नका. ते ठरवायचं काम रुग्णालयाचं.

बिळात हात घालणं मात्र मी कोणालाच माफ करत नाही. कुर्ल्यांच्या रिकाम्या बिळांत साप राहतात हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि तरी मुंबईहून गेलेला माणूस मोबाइलवर व्हिडिओ काढता यावा म्हणून खांद्यापर्यंत हात घालतो. लोखंडी आकडा कशाला असतो?

आता तापाकडे येतो, कारण साप सगळ्यांना आठवतो आणि हा कोणालाच आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझा चुलतभाऊ, वय बेचाळीस, सहा जणांच्या टोळीबरोबर शुक्रवारी मध्यरात्री दादरहून सुटणाऱ्या तुतारी एक्सप्रेसने गेला. शनिवारी रात्री चार तास व्हाळात, रविवारी दिवसभर शेतात चढणीचे मासे. पायात रबरी चपला. हाताला कुर्लीने दोन ठिकाणी घेतलेलं. सोमवारी कामावर हजर. त्यानंतर अकराव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. ऑफिसजवळच्या दवाखान्यात गेला, साथीचा ताप म्हणून गोळ्या मिळाल्या. तिथे चुकीचं काही घडलं असं मी म्हणणार नाही; पहिल्या दिवशीचा ताप सगळ्यांचा सारखाच दिसतो. तिसऱ्या दिवशी वहिनींनी फोन केला: "भावजी, हे पलंगावरून उतरताना ओरडतात. पाय टेकवत नाही."

मी घरी गेलो. डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत, पाणी नाही. पोटऱ्यांना नुसता हात लावला तरी कळवळत होता. लघवी सकाळपासून एकदाच, तीही गडद. आदल्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट ७०,००० होत्या आणि घरात सगळ्यांनी 'डेंगू' ठरवून पपईच्या पानांचा रस काढून ठेवला होता. पण पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. डेंगूत त्या सहसा कमी होतात. मी विचारलं, कुर्ल्यांना कधी गेला होतास? त्याने बोटं मोजली.

लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार आहे. उंदीर, गुरं, कुत्री, डुकरं यांच्या मूत्रपिंडांत हे जिवाणू राहतात आणि लघवीवाटे चिखलापाण्यात येतात. गोडं पाणी, ओली माती आणि ऊब मिळाली तर तिथे आठवडेच्या आठवडे जगतात. आपल्या शरीरात ते जखमेतून, खरचटल्यातून, डोळ्यांतून, आणि तासन्‌तास पाण्यात राहून पांढऱ्या पडलेल्या तळपायांतून शिरतात. कुर्ली चावल्याने लेप्टो होत नाही, पण तिने केलेली भोकं दारासारखी उघडी राहतात. मुंबईला हा आजार २६ जुलै २००५ नंतर चांगलाच कळला. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लाखो लोक घाणेरड्या पाण्यातून चालत घरी गेले आणि पुढच्या काही आठवड्यांत रुग्णालयं भरली. तेव्हापासून मुंबईकराला लेप्टो म्हणजे हिंदमाताचं तुंबलेलं पाणी एवढंच डोक्यात बसलं आहे. गावचा व्हाळ स्वच्छ, डोंगरातून येणारा, तिथे कसला लेप्टो? व्हाळ डोंगरातून येतो हे खरं. पण वाटेत गोठे आहेत, शेतं आहेत, शेतांत उंदीर आहेत, आणि पहिला पाऊस या सगळ्याचं धुणं आधी व्हाळात आणतो. सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण नेमाने सापडतात. तिथले डॉक्टर हा आजार ओळखून असतात. अडचण अशी की आमची टोळी ताप यायच्या आत मुंबईत परतलेली असते.

संसर्गापासून ताप येईपर्यंत साधारण ५ ते १४ दिवस जातात, कधी दोन, कधी तीस. तोवर शिकार संपलेली असते, कालवण जिरलेलं असतं, ग्रुपवरचे फोटो मागे गेलेले असतात. बहुतेकांचा ताप आठवडाभरात उतरतो. थोड्या लोकांत मात्र तो दुसऱ्या पायरीवर जातो: कावीळ, मूत्रपिंडं बंद पडणं, फुप्फुसांत रक्तस्राव. औषध साधंच आहे. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिन, गंभीर आजारात पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिआक्झोनची इंजेक्शनं. पण ते लवकर द्यायला हवं. रक्तातली आयजीएम तपासणी पहिल्या पाच-सात दिवसांत अनेकदा निगेटिव्ह येते. पीसीआर लवकर सांगते, पण ती सगळीकडे होत नाही. म्हणून संशय पक्का असेल तर डॉक्टर रिपोर्टसाठी थांबत नाहीत. आणि संशय येण्यासाठी डॉक्टरला व्हाळ माहीत असावा लागतो. तो तुम्हीच सांगायचा.

भावाला त्याच संध्याकाळी दाखल केलं, इंजेक्शन रात्रीच सुरू झालं. क्रिएटिनिन ४.१ पर्यंत चढलं, दोन दिवस डायलिसिसची तयारी ठेवली होती, लागलं नाही. आठव्या दिवशी तो घरी आला. लेप्टोचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा तो जेवायला लागलेला होता. मधल्या काळात मी बाकीच्या पाचही जणांना फोन केले. एकाला बारीक ताप होता, 'एसीत बसून अंग दुखतंय' म्हणून तो दुखणं मारायच्या गोळ्या खात होता. त्या आधी थांबवल्या. ताप नक्की कशाचा ते कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय कुठलीही वेदनाशामक गोळी नको. लेप्टोत तिचा भार मूत्रपिंडांवर येतो, डेंगूत रक्तस्राव वाढतो.

आधीच गोळी घेऊन गेलं तर चालेल का, हा प्रश्न मला दर जूनमध्ये येतो. डॉक्सिसायक्लिनने धोका काही प्रमाणात कमी होतो, पण ते स्वतःच्या मनाने घ्यायचं औषध नाही. गर्भवती आणि लहान मुलांसाठी निर्णय वेगळा असतो, आणि रिकाम्या पोटी घेऊन आडवं झालं तर अन्ननलिकेला जखम होते. मुंबई महापालिका साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांना ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटायला सांगते. व्हाळातून आलेल्यांनीही तेच करावं. निघण्यापूर्वी पायाच्या भेगा आणि जखमा पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाका, घोट्याच्या वर येणारे बूट घाला, परतल्यावर साबणाने पाय धुऊन कोरडे करा. गमबूट चांगले, सापासाठीही. पण गुडघ्याच्या वर पाणी असेल तर ते आतून भरतात आणि माणूस दगडावरून उठू शकत नाही, तेव्हा खोल पाण्यात उतरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर घेऊन टाका.

पन्नाशी ओलांडलेल्या काका-मामांना एक वेगळी सूचना. वर्षभर लालबाग ते चर्चगेट एवढाच प्रवास, आणि मग एका रात्री ओल्या दगडांवरून दोन तास चढण, वर थोडी पोटात गेलेली. अमेरिकेत मिशिगनच्या डॉक्टरांनी हरणांच्या शिकारीला जाणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांच्या छातीला ईसीजीची यंत्रं लावून पाहिली होती. जनावर दिसलं की नुसत्या उत्साहानेच ठोके धावत होते, आणि बहुतेकांचे ठोके वयाच्या कमाल मर्यादेच्या ८५ टक्क्यांच्या वर गेले. आमच्या व्हाळात हातभर कुर्ली दिसल्यावर काय होतं ते मी पाहिलं आहे. चढताना छाती आवळते किंवा धाप लागते असे असाल तर आधी तपासून घ्या, आणि त्या रात्री काठावर बसून टोपली सांभाळा. टोपली सांभाळणाऱ्यालाही वाटा मिळतो.

राहिला खाण्याचा प्रश्न. बारीक नांग्या वाटून, रस गाळून कालवणात घालतात तो रस नीट उकळलाच पाहिजे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांतून फुप्फुसात जाणारा एक कृमी मणिपूर, नागालँड, अरुणाचलात आढळतो, आणि खोकल्यातून रक्त येतं म्हणून तिथे कित्येकांवर टीबीचे उपचार झाले आहेत. आपल्याकडे कुर्ली कच्ची कोणी खात नाही, तरी ज्या पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये रस काढला तो धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नका. युरिक ॲसिडचा झटका चालू असेल तर या खेपेला फक्त वास घ्या. पूर्वी कधी कोळंबी खाऊन अंगावर गांध्या उठल्या असतील किंवा ओठ सुजले असतील तर वाससुद्धा दुरून. मेलेली कुर्ली फेकून द्या, आणि पोटाखाली पिल्लं घेऊन बसलेली मादी सापडली तर तिला तिथेच पाण्यात सोडा. आमच्या टोळीत ती सोडायचं काम सगळ्यात लहान मुलाकडे असतं, आणि त्यावरून दर वर्षी भांडण होतं.